अन्नाला स्पर्श करणारे प्लास्टिक : विनियमांतील बदल आणि त्यांचा अर्थ

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानाचा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांनी मला साहजिकच विचारले, "यातून परीक्षेला काय येईल?" मी म्हटले, एखादा दोन गुणांचा प्रश्न येईल, कदाचित तोही येणार नाही. परंतु एकाच वस्तूवर तीन मंत्रालयांचा अंमल कसा चालतो, सरसकट बंदीचे रूपांतर सशर्त परवानगीत कसे होते आणि ती परवानगी पुढे सक्तीच्या दिशेने कशी सरकते, हे समजून घ्यायचे असेल, तर पाण्याच्या रिकाम्या बाटलीइतके चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. तेव्हा आज आपण त्या बाटलीविषयी बोलू.

प्रारंभी एक अनुभव सांगतो. माझ्या उमेदीची बरीच वर्षे अन्नपदार्थांचे पृथक्करण करणाऱ्या प्रयोगशाळेत गेली. एकदा एका बचत गटाच्या तीन महिला आंब्याच्या लोणच्याच्या बरण्या घेऊन आमच्याकडे आल्या. लोणचे उत्तम होते. पण बरणीचे झाकण उघडताच फिनेलसारखा उग्र दर्प येत होता. दुकानदारांनी अख्खा माल परत केला होता. घरी मोठ्या चिनी मातीच्या बरणीत राहिलेल्या त्याच लोणच्याला मात्र कसलाही वास नव्हता. दोष बरणीत होता, हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागत नव्हती. आम्ही रिकाम्या बरण्यांची ठरलेली चाचणी केली. निष्कर्ष आला : सर्व काही मर्यादेत. बरणी पुन्हा वितळवलेल्या प्लास्टिकची असावी असा आम्हा सर्वांनाच संशय होता. पण तो सिद्ध करण्याचे कोणतेही साधन आमच्याजवळ नव्हते. अहवालावर 'मानकानुसार' असा शेरा लिहून मी सही केली. त्या महिलांनी अहवाल वाचला, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता बरण्या पिशवीत भरल्या. ती सही मला आजही आठवते. आमच्या चाचणीत चूक नव्हती. कायद्याने विचारलेला प्रश्नच अपुरा होता. पुढील वीसेक वर्षांत विनियमांत जे बदल झाले, ते या अपुऱ्या प्रश्नाभोवतीच झाले, असे मला वाटते.

आता मुळापासून पाहू. काच जवळजवळ निष्क्रिय असते. प्लास्टिक तसे नसते. पॉलिमरच्या लांबलचक साखळ्यांच्या जाळ्यात कितीतरी लहान रेणू अडकलेले असतात. साखळीत न गुंफलेले मूळ रेणू, उत्प्रेरकाचे अवशेष, प्लास्टिक मऊ राहावे म्हणून घातलेली द्रव्ये, उन्हाने ते चिरू नये म्हणून घातलेली द्रव्ये, रंग. हे लहान रेणू हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात आणि तेथून अन्नात उतरतात. यालाच शास्त्रात स्थलांतर म्हणतात. उद्योगातील मंडळी 'मायग्रेशन' हाच शब्द वापरतात. उष्णता वाढली की हा वेग वाढतो. संपर्काचा काळ वाढला की उतरलेले प्रमाण वाढते. तेल, आंबटपणा किंवा मद्यार्क असेल तर काही द्रव्ये पाण्यापेक्षा कितीतरी सहज विरघळतात. लोणच्यात तेल असते, आम्ल असते, मीठ असते आणि ते वर्षभर बरणीत राहते. प्लास्टिकची परीक्षा पाहणारा याहून कठोर पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात क्वचितच सापडेल.

कायद्याला ही गोष्ट फार पूर्वीपासून कळत होती. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, १९५४ मध्ये भेसळीची जी व्याख्या होती, तिच्यात एक खंड असा होता, की पदार्थ ठेवलेले पात्र विषारी वा अपायकारक द्रव्याचे असेल आणि त्यामुळे आतील पदार्थ आरोग्यास घातक होत असेल, तर तो पदार्थ भेसळयुक्त समजावा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ ने भेसळीऐवजी 'असुरक्षित अन्न' ही संकल्पना मध्यवर्ती केली. त्या व्याख्येच्या पहिल्याच खंडात अन्नपदार्थ 'किंवा त्याचे वेष्टन' असे शब्द आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत वेष्टन हा अन्नाचाच भाग आहे. पुस्तकात हे वाक्य अधोरेखित करून ठेवावे. पुढचे सारे विनियम त्यावरच उभे आहेत.

तत्त्व जुने असले तरी त्याचा तपशील दीर्घकाळ दुसरीकडेच होता. १९५५ च्या नियमांनी कालांतराने एवढेच सांगितले, की प्लास्टिकची पात्रे अमुक अमुक भारतीय मानकांनुसार असावीत. पॉलिएथिलिनसाठी आयएस १०१४६, पॉलिस्टायरिनसाठी आयएस १०१४२, पॉलिप्रॉपिलिनसाठी आयएस १०९१०, अशी ती यादी. चाचणीची पद्धत आयएस ९८४५ मध्ये आणि वापरता येण्याजोग्या रंगद्रव्यांची यादी आयएस ९८३३ मध्ये होती. ही मानके भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे ग्राहक व्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीतील. अन्नाचा कायदा आरोग्य मंत्रालयाचा. प्लास्टिकच्या कचऱ्याचे नियम पर्यावरण मंत्रालयाचे, पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खाली केलेले. तीन मंत्रालये म्हणालो, ती हीच.

आयएस ९८४५ ची चाचणी समजून घेण्यासारखी आहे. प्रत्यक्ष अन्नात उतरलेले द्रव्य मोजणे अवघड असते, म्हणून अन्नाच्या जागी त्याच्यासारखे वागणारे साधे द्रव घेतात. साध्या जलीय पदार्थांसाठी ऊर्ध्वपातित पाणी, आंबट पदार्थांसाठी तीन टक्के ॲसेटिक आम्ल, मद्यार्कयुक्त पेयांसाठी इथेनॉलचे द्रावण, तेलकट पदार्थांसाठी एन-हेप्टेन. पदार्थ ज्या परिस्थितीत ठेवला जाणार, तिच्याशी मिळते तापमान आणि काळ निवडायचा. दीर्घ साठवणुकीसाठी ४० अंश सेल्सियसला दहा दिवस, गरम भरल्या जाणाऱ्या पदार्थासाठी ७० अंशांना दोन तास, वगैरे. मग तो द्रव आटवायचा आणि तळाशी उरलेला अवशेष वजन करून पाहायचा. हा अवशेष दर चौरस डेसिमीटरला दहा मिलिग्रॅम किंवा दर किलोग्रॅम अन्नाला साठ मिलिग्रॅम यापेक्षा अधिक नसावा. हीच एकूण स्थलांतराची मर्यादा.

दहा आणि साठ हे आकडे विद्यार्थी पाठ करतात, पण त्यांचे नाते ध्यानात घेत नाहीत. दहा सेंटीमीटर बाजूचा एक घन कल्पा. त्यात एक लिटर पाणी, म्हणजे एक किलोग्रॅम वस्तुमान मावते. त्याला सहा पृष्ठे, प्रत्येक पृष्ठ एक चौरस डेसिमीटर. सहा गुणिले दहा, साठ. म्हणजे एक किलोग्रॅम अन्न अशा घनाकृती वेष्टनात आहे हे गृहीत धरून दोन्ही आकडे जुळवलेले आहेत. शाम्पूच्या पुडीएवढ्या लहान वेष्टनात सॉस भरला, तर दर ग्रॅम अन्नाला स्पर्श करणारे प्लास्टिक पुष्कळच अधिक होते, ही त्या गृहीतकाची मर्यादा. नियमातील आकड्यामागे असे एखादे चित्र दडलेले असते. ते सापडले की आकडा पाठ करावा लागत नाही.

या चाचणीत दोन उणिवा आहेत. ती एकूण वजन सांगते. त्या वजनात काय आहे ते सांगत नाही. साठ मिलिग्रॅम निरुपद्रवी मेण आणि साठ मिलिग्रॅम घातक द्रव्य तिच्या लेखी सारखेच. दुसरी उणीव अधिक गमतीची आहे. द्रव आटवताना जे काही बाष्पनशील असते, ते द्रवाबरोबर उडून जाते. वास येतो तोच मुळी बाष्पनशील द्रव्यांना. म्हणजे ज्या द्रव्याने त्या महिलांचे लोणचे नासवले, तेच आम्ही दर वेळी प्रयोगशाळेच्या धुराड्यातून बाहेर सोडून देत होतो आणि तळाशी उरलेल्या अवशेषाचे चार दशांश स्थळांपर्यंत वजन करीत होतो!

अन्न सुरक्षा व मानके (वेष्टन) विनियम, २०१८ ने पहिली उणीव बरीच भरून काढली. त्याआधी २०११ चे विनियम वेष्टन आणि लेबल या दोहोंसाठी एकत्र होते. २०१८ मध्ये वेष्टनाचा विषय वेगळा काढण्यात आला आणि १ जुलै २०१९ पासून त्याचे पालन बंधनकारक झाले. एकूण स्थलांतराची मर्यादा विनियमाच्या मजकुरातच आली. शिवाय विशिष्ट द्रव्यांसाठी स्वतंत्र मर्यादा घातल्या गेल्या. दर किलोग्रॅमला बेरियम १ मिलिग्रॅम, कोबाल्ट ०.०५, तांबे ५, लोह ४८, लिथियम ०.६, मँगनीज ०.६, अँटिमनी ०.०४. अँटिमनीचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण त्याचे संयुग पेट प्लास्टिक बनवताना उत्प्रेरक म्हणून वापरतात. पाण्याच्या बाटलीच्या संदर्भात हा आकडा शोभेचा नाही. प्लास्टिक मऊ करणाऱ्या डीईएचपी या थॅलेट द्रव्यासाठी १.५ मिलिग्रॅमची मर्यादा आली. अन्नाच्या थेट संपर्कात येणाऱ्या वेष्टनासाठी राष्ट्रीय प्रत्यायन मंडळाने, म्हणजे एनएबीएलने, मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेचे अनुरूपता प्रमाणपत्र घेणे अन्नव्यावसायिकावर बंधनकारक झाले. वेष्टनाची छापील बाजू अन्नाला लागता कामा नये, असेही सांगितले गेले. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळण्यास याच विनियमांनी मनाई केली. वडापाव आणि कचोरीच्या गाड्यांवर तिचे काय झाले ते आपण सर्वजण रोज पाहतोच.

विशिष्ट मर्यादांची ही कल्पना आपली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. युरोपीय संघाने १४ जानेवारी २०११ रोजी १०/२०११ या क्रमांकाचे विनियमन केले. त्याचा गाभा अनुज्ञेय द्रव्यांची यादी हा आहे. ठरावीक अपवाद सोडले तर, जे यादीत नाही ते प्लास्टिकमध्ये मुद्दाम घालता येत नाही. वर उल्लेखलेले बेरियम, कोबाल्ट, लिथियम यांचे आकडे त्या विनियमनातही तेच आहेत. युरोपने पुढे २०१६ मध्ये जस्ताची मर्यादा २५ वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. आपल्या २०१८ च्या तक्त्यात ती २५ राहिली. तक्ता दुसऱ्याकडून घेतला, तर त्यातील दुरुस्त्यांवरही लक्ष ठेवावे लागते.

आता आजच्या विषयाच्या मध्यावर येऊ. पुनर्प्रक्रिया केलेले प्लास्टिक अन्नासाठी वापरावे की नाही? पुनर्प्रक्रियित प्लास्टिक उत्पादन व वापर नियम, १९९९ चे उत्तर सरळ होते : नाही. अशा प्लास्टिकच्या पिशव्या व डबे विक्रेत्याने खाद्यपदार्थ ठेवण्यास, देण्यास वा बांधण्यास वापरू नयेत. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये आणि २०१८ च्या वेष्टन विनियमांतही ही मनाई कायम राहिली. तिच्यामागचे कारण रास्त होते. भंगारात आलेल्या डब्यात पूर्वी काय होते, हे कोणी सांगावे? कीटकनाशक, रॉकेल, ॲसिड, इंजिनचे तेल. प्लास्टिक नुसते वरून मळत नाही, ते या गोष्टी आत शोषून घेते. धुतले तरी त्या आतच राहतात आणि पुढच्या मालकाच्या अन्नात सावकाश उतरतात. युरोपात काळ्या प्लास्टिकच्या स्वयंपाकाच्या वस्तूंत टाकाऊ विद्युत उपकरणांतील ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक द्रव्ये आढळल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले आहे. दूरचित्रवाणी संचाच्या कवचाचे उलथने झाले, असा त्याचा सरळ अर्थ.

परंतु या मनाईत एक अडचण होती आणि तीच माझ्या त्या सहीमागची अडचण होती. मनाई वस्तूचे मूळ विचारीत होती आणि वस्तू आपले मूळ सांगत नव्हती. तयार बरणीकडे पाहून ती कोऱ्या दाण्यांची आहे, पुन्हा वितळवलेल्या आहे, की दोहोंचे मिश्रण आहे, हे निरीक्षकाला खात्रीने सांगता येत नाही. रंग गडद असेल, पृष्ठभाग खडबडीत असेल, वास येत असेल तर संशय घेता येतो; न्यायालयात संशय चालत नाही. परिणामी मनाई कागदावर संपूर्ण आणि बाजारात विरळ राहिली. जे मोठे उत्पादक कायदा पाळणारच होते, ते ती पाळत होते. स्वस्त बरण्यांच्या बाजाराला तिचा उपद्रव फारसा नव्हता.

दुसऱ्या बाजूने कचऱ्याचा प्रश्न वाढत होता. पेटच्या बाटल्या आपल्याकडे कचरावेचक आणि भंगारवाले यांच्या हातून मोठ्या प्रमाणात गोळा होतात; त्यांचा चुरा होऊन पॉलिएस्टरचा धागा बनतो. ही व्यवस्था कोणत्याही नियमाने उभी केलेली नाही, ती पोटाच्या गरजेने उभी राहिली आहे. तथापि, बाटलीचा धागा झाला की परतीची वाट जवळजवळ बंद होते. कापडाची पुन्हा बाटली होणे कठीण. बाटलीची पुन्हा बाटली व्हायची असेल, तर अन्नाच्या कायद्यातील मनाई आड येत होती.

ती वाट पायरीपायरीने मोकळी झाली. हा क्रम नीट लक्षात ठेवावा, कारण त्यात दोन मंत्रालयांचे पाऊल एकापुढे एक पडलेले दिसते. सप्टेंबर २०२१ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने २०१६ च्या नियमांत दुरुस्ती केली आणि सांगितले, की पुनर्प्रक्रिया केलेले प्लास्टिक अन्नासाठी वापरता येईल, मात्र अन्नसुरक्षा प्राधिकरणाने योग्य मानके अधिसूचित केली पाहिजेत. जानेवारी २०२२ मध्ये प्राधिकरणाने आपल्या विनियमातील मनाईच्या जागी तशीच सशर्त तरतूद अमलात आणली आणि त्याच वर्षी पेटपुरती मार्गदर्शक तत्त्वे दिली. दरम्यान १६ फेब्रुवारी २०२२ रोजी पर्यावरण मंत्रालयाने विस्तारित उत्पादक जबाबदारीची तत्त्वे जाहीर केली. कडक वेष्टनांमध्ये पुनर्प्रक्रियित प्लास्टिकचे प्रमाण २०२५-२६ मध्ये ३० टक्के, पुढे दरवर्षी दहा टक्के वाढवीत २०२८-२९ पासून ६० टक्के, असे लक्ष्य त्यात ठरवले. एखाद्या वेष्टनाबाबत अन्य कायद्यामुळे हे शक्य नसेल, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रकरणनिहाय सूट देईल, अशी खिडकीही ठेवली. अन्न विनियमांतील दुरुस्ती राजपत्रात आली मार्च २०२५ मध्ये. म्हणजे सक्तीचे लक्ष्य तीन वर्षे आधी ठरले आणि परवानगीचे अंतिम शब्द नंतर छापले गेले. कारखाना उभारू पाहणाऱ्या माणसाने ही तीन वर्षे कशी काढली असतील, याचा विचार धोरण लिहिणाऱ्यांनी अवश्य करावा. तुमच्यापैकी काही जण उद्या तेच काम करणार आहेत.

परवानगी पेटपासूनच का सुरू झाली? यात शास्त्र आहे. पहिले म्हणजे, पेटच्या बाटल्यांत बहुधा पाणी आणि पेयेच भरली जातात. त्यामुळे गोळा झालेल्या ढिगाचा पूर्वेतिहास बऱ्यापैकी ठाऊक असतो. दुसरे म्हणजे, पेटच्या जाळ्यातून परके रेणू फार सावकाश सरकतात; ते शोषतेही कमी आणि सोडतेही कमी. पॉलिएथिलिन आणि पॉलिप्रॉपिलिन याबाबतीत उदार असतात. लोणच्याच्या डब्याचा वास तो घासून घासूनही जात नाही, हा आपल्या घरातलाच पुरावा. तिसरे म्हणजे, धुतलेला पेटचा चुरा सुमारे दोनशे अंशांच्या तापमानाला, निर्वात स्थितीत, वितळू न देता काही तास ठेवता येतो. या प्रक्रियेत तुटलेल्या साखळ्या पुन्हा जुळतात आणि आत दडलेली बाष्पनशील द्रव्ये बाहेर खेचली जातात. आमच्या चाचणीत जे निसटत होते, त्याचा बंदोबस्त येथे कारखान्यातच होतो.

तो बंदोबस्त खरोखर झाला हे कसे ओळखायचे? येथे नियमाने विचारलेला प्रश्न पूर्ण बदलला आहे. स्वच्छ चुऱ्यात मुद्दाम ठरावीक दूषके मिसळतात. बाष्पनशील आणि अबाष्पनशील, ध्रुवीय आणि अध्रुवीय अशा प्रत्येक जातीचा एकेक प्रतिनिधी. टोल्युइन, क्लोरोफॉर्म, बेंझोफेनोन यांसारखी द्रव्ये. हा मुद्दाम मळवलेला चुरा त्या यंत्रणेतून पूर्ण प्रक्रियेने नेतात आणि शेवटी किती दूषक उरले ते मोजतात. याला आव्हान चाचणी म्हणतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये अशा अवशेषांसाठी आहारात अब्जांशी अर्धा भाग हा उंबरठा मानला आणि पुढे जगभर तो संदर्भ म्हणून वापरला गेला. युरोपीय संघाचे २०२२/१६१६ हे विनियमनही तंत्रज्ञानाला आणि प्रक्रियेला मान्यता देण्याच्या मार्गाने जाते. थोडक्यात, तयार बाटलीला "तू कोठून आलीस?" असे विचारणे सोडून, ती जेथे जन्मते त्या यंत्रणेला "तू काय काय काढून टाकू शकतेस?" असे विचारले जाऊ लागले. निरीक्षणाची जागा दुकानातून कारखान्यात गेली. हा बदल मला योग्य वाटतो आणि तूर्त तो पेटपुरताच राहावा असेही वाटते. लक्ष्य गाठण्याच्या घाईत पॉलिप्रॉपिलिनच्या डब्यांना हीच सवलत तेवढ्याच पुराव्यावर देणे धोक्याचे ठरेल.

मात्र या सुधारणेने कोणाचे रक्षण झाले, हेही पाहिले पाहिजे. आव्हान चाचणी, प्रमाणपत्र, नोंदवह्या हे सारे मोठ्या कारखान्याला परवडते. नाममुद्रा असलेली पाण्याची बाटली या वाटेने येईल आणि ती सुरक्षित असेल, असे मानायला आधार आहे. पण आठवडी बाजारात किलोवर विकली जाणारी बरणी, टपरीवर उकळता चहा भरून दिली जाणारी पातळ पिशवी, खानावळीतून येणारा रश्श्याचा डबा, यांच्यापर्यंत २०२५ ची दुरुस्ती पोहोचत नाही. त्यांच्यावर लागू होणारा कायदा पूर्वीही होता, आजही आहे. उणीव आहे ती नमुना घेणाऱ्या हातांची आणि तो तपासणाऱ्या उपकरणांची. विशिष्ट स्थलांतराच्या चाचणीला वजनकाटा पुरत नाही. धातूंसाठी आणि थॅलेटांसाठी महागडी यंत्रे व ती चालवणारी प्रशिक्षित माणसे लागतात. बचत गटाने प्रमाणपत्र आणावे असे विनियम म्हणतो. एका प्रकारच्या बरणीच्या चाचणीचा खर्च त्या गटाच्या हंगामाच्या नफ्याशी ताडून पाहावा. माझ्या मते हे प्रमाणपत्र बरणी बनवणाऱ्याकडून साखळीने खाली आले पाहिजे आणि बरणीच्या बुडावर उत्पादकाची ओळख उमटवणे लहान कारखान्यांतही काटेकोरपणे पाहिले गेले पाहिजे. लोणचे घालणाऱ्या बाईने पॉलिमर रसायनशास्त्र शिकावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

परीक्षेच्या आणि व्यवहाराच्याही दृष्टीने दोन गैरसमज येथेच दूर करतो. पिशवीची जाडी १९९९ मध्ये २० मायक्रॉन, २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० अशी वाढत गेली. हा कचऱ्याचा निकष आहे, अन्नाचा नव्हे. जाड पिशवी गोळा होते, उडून गटारात जात नाही, एवढाच त्याचा हेतू. १२० मायक्रॉनची पिशवी गरम रश्श्याला योग्य असेलच असे नाही. तसेच बुडावरील त्रिकोणातला एक ते सात यांपैकी आकडा प्लास्टिकची जात सांगतो, त्याची अन्नयोग्यता सांगत नाही. 'पाच नंबरचा डबा, म्हणजे सुरक्षित' असे सुशिक्षित घरांतही ऐकू येते. पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, इतकेच. रंगाच्या डब्यालाही पॉलिप्रॉपिलिनच वापरतात.

विषय अजून मिटलेला नाही. बिस्फेनॉल-ए हे पॉलिकार्बोनेट आणि डब्यांच्या आतील इपॉक्सी लेपाशी निगडित असलेले द्रव्य. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याचे दैनंदिन सह्य प्रमाण आधीच्या प्रमाणाच्या वीस हजार पटींनी खाली आणले. १९ डिसेंबर २०२४ रोजी युरोपीय संघाने अन्नसंपर्कातील वस्तूंत त्याच्या वापरावर बंदी घालणारे विनियमन स्वीकारले. लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्यांवर तेथे २०११ मध्येच बंदी आली होती. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने बिस्फेनॉल-ए आणि तेल-पाणी रोधक लेपांत वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त पीएफएएस द्रव्ये यांविषयीचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केला. येथे प्रक्रिया लक्षात घ्या. २००६ च्या कायद्याच्या कलम ९१ खाली केंद्र सरकार नियम करते. कलम ९२ खाली प्राधिकरण केंद्राच्या पूर्वमान्यतेने आणि पूर्वप्रसिद्धीनंतर विनियम करते. दोन्ही कलम ९३ नुसार संसदेपुढे ठेवावे लागतात. पूर्वप्रसिद्धी हा केवळ उपचार नाही. मसुद्यावर हरकत कोणीही पाठवू शकतो, विद्यार्थीही. प्रत्यक्षात बहुतेक हरकती उद्योगसंस्थांकडून येतात, कारण मसुदा वाचण्यासाठी पगारी माणसे त्यांच्याकडे असतात.

मघाशी मध्यंतरात एका विद्यार्थिनीने विचारले, की त्या बचत गटाचे पुढे काय झाले. पुढच्या हंगामात त्यांनी काचेच्या बरण्या घेतल्या. एसटीच्या टपावरून नेताना काही फुटल्या, भाव वाढवावा लागला, गिऱ्हाईक थोडे कमी झाले. आणखी दोन वर्षांनी त्यांनी एका नामांकित कारखान्याच्या पेटच्या बरण्या सुरू केल्या आणि त्या घेण्यापूर्वी एक रिकामी बरणी, झाकण घट्ट लावून, तीन दिवस उन्हात ठेवून मगच उघडून हुंगली. ही चाचणी कोणत्याही मानकात नाही. पण आमच्या चाचणीतून जे उडून जात होते, ते त्यांच्या नाकाला लागत होते. अवशेषाच्या आकड्याशेजारी वासाचा शेरा लिहिण्याची पद्धत मी आमच्या प्रयोगशाळेत त्यानंतर सुरू केली आणि निवृत्त होईपर्यंत ती चालू होती.